भाव, माहिती आणि परका ग्राहक : इस्तंबूलच्या बाजाराचे एक उदाहरण

परदेशी गेलेला प्रवासी जुन्या बाजारातून खरेदी करून परतला की एक प्रश्न त्याला सलत राहतो : आपण फसलो काय? त्याच शहरातील मॉलमधून तो कदाचित अधिक पैसे मोजून परततो. परंतु तेव्हा हा प्रश्न त्याच्या मनात उठत नाही. या फरकाचे कारण दुकानदारांच्या नीतिमत्तेत शोधण्याची आपली प्रवृत्ती असते. वस्तुतः ते निराळ्या ठिकाणी आहे. मालाविषयीची माहिती कोणाजवळ किती आहे आणि ती मिळविण्याचे कष्ट कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न होय. इस्तंबूलच्या उदाहरणाने तो पुष्कळसा स्पष्ट होतो.

१४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर सुलतान दुसरा मेहमद याने दोनतीन वर्षांतच तेथे 'बेदेस्तेन' बांधावयास घेतले. बेदेस्तेन म्हणजे कापडवाल्यांची पेठ; आपल्याकडील 'बजाज' हा शब्द त्याच कुळातला. या दगडी वास्तूभोवती गल्ल्या वाढल्या, त्यांवर छपरे आली आणि आजचा 'कापाली चार्शी', म्हणजे झाकलेला बाजार, तयार झाला. १८९४ च्या भूकंपानंतर त्याची बरीच पुनर्रचना झाली. सुमारे साठ गल्ल्या आणि काही हजार दुकाने असा त्याचा विस्तार आहे. एका धंद्याची दुकाने एका गल्लीत, ही जुनी घडी काही भागांत अद्याप ओळखता येते.

घासाघीस हा पौर्वात्य बाजाराचा सनातन स्वभाव आहे, असे प्रवासवर्णनांतून भासते. ते तितकेसे खरे नाही. उस्मानी राजवटीत अनेक जीवनोपयोगी वस्तूंचे भाव सरकार ठरवून देई. त्या भावांना 'नार्ह' म्हणत. मराठी दप्तरांतील 'निरख' तो हाच. उलट, छापील एकभावाची पद्धतही पश्चिमेत पुरातन नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी एकच भाव सांगणे हे धर्मकर्तव्य मानले. परंतु त्या पद्धतीला मोठ्या दुकानदारीचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात, पॅरिसच्या 'बाँ मार्शे'सारख्या भांडारांमुळे.

घासाघिशीचे कार्य काय, याचे सर्वांत मार्मिक विवेचन क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने केले आहे. त्याचे क्षेत्र इस्तंबूल नव्हे, मोरोक्कोतील सेफ्रू हे गाव. तथापि १९७८ साली त्याने मांडलेला विचार येथेही लागू पडतो. बाजारात माहिती दुर्मिळ असते आणि विषम वाटलेली असते; म्हणून ती शोधणे हाच तेथील मुख्य उद्योग होय. हा शोध दोन प्रकारचा. दहा दुकानांत एकच प्रश्न विचारणे हा व्यापक शोध. एकाच दुकानात दहा प्रश्न विचारीत बसणे हा सखोल शोध. माल प्रमाणित असेल तर पहिला पुरतो. मालाचा प्रत्येक नग निराळा असेल तर दुसऱ्यावाचून गत्यंतर नसते. घासाघीस हा दुसऱ्याचा प्रकार आहे. शिवाय ती केवळ रकमेची नसते : भाव तोच ठेवून वजन, प्रत वा उधारीची मुदतही बदलता येते. या शोधाचा खर्च कमी व्हावा म्हणून स्थानिक मनुष्य ठराविक दुकानदाराचे गिऱ्हाईक बनतो. उद्या पुन्हा भेटावयाचे आहे, ही जाणीव दोघांनाही आवरून धरते.

प्रवाशाजवळ हा 'उद्या'च नसतो. त्याचे विमान परवा सुटणार असते, हे दुकानदार जाणतो.

आणि तरीही एकाच छपराखाली त्याची स्थिती सर्वत्र सारखी नाही. सोनारांच्या गल्लीत तो बराच सुरक्षित असतो. तुर्कस्तानात लग्नकार्यात आहेर म्हणून 'चेयरेक' नावाचे नाणे देतात. ते सरकारी टांकसाळीचे, २२ कॅरेटचे, सुमारे पावणेदोन ग्रॅम वजनाचे असते. सोन्याचा दिवसाचा भाव सर्वांस ठाऊक, नाणे नाण्यासारखे, तेव्हा दोनतीन दुकाने विचारली की काम भागते. दागिन्यांतही धातूचे मोल वजनावर ठरते आणि घासाघीस उरते ती मुख्यतः घडणावळीपुरती.

गालिचाच्या दुकानात मात्र सारे पालटते. गालिचा उलटा करून गाठी मोजता येतात, पण लोकर कोणती, रंग वनस्पतींचा की रासायनिक, जुनेपणा खरा की उन्हात ठेवून आणलेला, हे परक्याने कसे ओळखावे? हेरेके गावच्या रेशमी गालिच्यांची कीर्ती मोठी, म्हणून त्यांच्या नकलाही होतात. जॉर्ज अकरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखविले तेच येथे घडते : प्रत पारखता येत नसेल तर ग्राहक चांगल्या मालासही सरासरीचा भाव देऊ पाहतो आणि उत्तम माल ठेवणाऱ्याचेच त्यात नुकसान होते. त्यात वाटाड्याने दुकानात आणले असेल तर त्याची दलालीही किमतीत मिसळलेली असते. चहाच्या पेल्यास मात्र भिण्याचे कारण नाही; तो सखोल शोधाला लागणाऱ्या वेळाचा भाग आहे. सकाळी लवकर गेलेल्यास थोडी सवलत मिळण्याचा संभव असतो, कारण पहिल्या विक्रीस, 'सिफ्ताह'ला, तुर्की दुकानदार आपल्याकडील भवानीइतकेच शुभ मानतो.

१९८८ साली आताक्यॉय येथे 'गॅलेरिया' हा तुर्कस्तानातील पहिला आधुनिक मॉल उघडला. मॉल माहितीचा खर्च ग्राहकाच्या डोक्यावरून उचलतो : किंमत लिहिलेली, छाप ओळखीचा, पावती हाती. अर्थात हे फुकट नव्हे. जागेचे भाडे, जाहिरात आणि मालाची हमी यांचा बोजा किमतीत असतो. तो कोणी उघडपणे मागत नाही, एवढेच. जी वस्तू दुसऱ्या कोणत्याही शहरात तशीच मिळते तिच्यासाठी ही व्यवस्था सोयीची होय. हाताने विणलेल्या एकुलत्या एक नगासाठी ती बहुधा उपयोगी नाही, कारण असा माल मॉलच्या साच्यात बसतच नाही.

अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. ज्या गल्लीत प्रवाशांचीच वर्दळ राहते तेथे गिऱ्हाईकपणाचा आधार निखळतो आणि घासाघीस मात्र मागे राहते. माहिती देण्याचे तिचे कार्य मग क्षीण होते; वाढवून सांगणे आणि पाडून मागणे एवढाच तिचा सांगाडा उरतो. किरकोळ मालावर किंमत लिहिणे तुर्की कायद्याने बंधनकारक केले आहे खरे, पण लिहिलेल्या आकड्याखाली उतरण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा प्रवासी जी किंमत वाचतो ती मॉलमधील किमतीप्रमाणे अखेरची, की बाजारातील पहिल्या बोलीप्रमाणे आरंभाची, हे ती चिठ्ठी वाचून त्याला कळत नाही. शेजारच्या सोनाराकडे नेहमी येणाऱ्या बाईस ते विचारावे लागत नाही.