बारक्यांना पाळण्यात बसवण्याआधी

सोयाबीन घरात आलं, उसाला तोड मिळाली किंवा कांद्याचे चार पैसे हातात पडले, की घरात सहलीचा विषय निघतोच. पूर्वी हा विषय जेजुरी, तुळजापूर, पंढरपूर इथंच थांबायचा. आता देवदर्शनाच्या जोडीला "पोरांसाठी काहीतरी" लागते. अष्टविनायकाला निघालेली गाडी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर करते आणि खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिकाच्या दारात उभी राहते. शिर्डीला गेलेली मंडळी साईबाबांचे दर्शन झाले, की पाण्याच्या पार्कची चौकशी करतात.

यात गैर काहीच नाही. बारा महिने मातीत राबणाऱ्या माणसाने एक दिवस पोरांबरोबर हसण्यात घालवला तर तो वाया गेला असे कोण म्हणेल? पण त्या गाडीत चौथी-सातवीच्या पोरांबरोबर एखादे तीन-चार वर्षांचे, अजून अंगणवाडीत जाणारे लेकरूही असते. सहल ठरते मोठ्यांच्या मताने आणि बारके नुसते काखेत मारून नेले जाते. संध्याकाळी तेच लेकरू तापाने फणफणलेले किंवा रडून रडून झोपलेले परत येते. "पैसे गेले आणि पोरानं काय बघितलंच नाही," असे मग आपणच म्हणतो. म्हणून निघण्याआधी काही गोष्टी ध्यानात घ्या.

दारातच पैसे, तिथंच घोळ

अमेरिकेत १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्नेने डिस्नेलँड उघडले आणि अशा उद्यानांची जगभर चाल पडली. आपल्या देशात दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडले आणि एकेकाळी शाळेची सहल म्हटली की पोरांच्या तोंडी तेच नाव असे. खोपोलीची इमॅजिका २०१३ सालची.

गावच्या जत्रेत आणि या उद्यानांत एक मोठा फरक आहे. जत्रेत आपण पाळण्याच्या एका फेरीचे पैसे देतो, पोरगं रडलं तर उतरवून घेतो. उद्यानात मात्र दिवसभराचे पैसे दारातच भरावे लागतात. पैसे भरले, की आपल्या डोक्यात वसुली सुरू होते. "एवढे मोजलेत, तर सगळ्यात बसलंच पाहिजे." मोठ्यांनी खुशाल बसावे. पण चार वर्षांच्या लेकराकडून ही वसुली होत नाही, करूही नये. त्याच्या दृष्टीने लाकडी घोड्यांच्या चक्रीच्या तीन फेऱ्या, एक आगगाडी आणि हत्तीच्या बाहुल्याशी हात मिळवणे एवढ्यात दिवस भरला. तीच फेरी चौथ्यांदा मागितली, तर मारू द्या.

उंचीची पट्टी खोटं बोलत नाही

बहुतेक उद्यानांत मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर असते. ठरावीक उंचीच्या खालच्या लेकराला फुकट सोडतात, त्यावरच्याला मुलाचे तिकीट आणि आणखी वर गेले की पुरे तिकीट. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशीही उंचीची पट्टी रंगवलेली असते.

आता हिशेब करा. चांगल्या वाढीच्या तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर, चार वर्षांच्याची १०३ आणि पाच वर्षांच्याची ११० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे चार वर्षांचे लेकरू तीन फूट चार इंच. वेगाने वर-खाली धावणाऱ्या गाड्यांत, उलटेपालटे करणाऱ्या पाळण्यांत त्याला घेतच नाहीत. हे घरीच माहीत असले, की तिथे जाऊन भांडण होत नाही.

आपल्या लेकराची उंची नेमकी किती, हे विचारायला लांब जायला नको. अंगणवाडीत पोरांची वजन-उंची नोंदवलेली असते. ताईंना विचारा, आकडा कागदावर लिहून घ्या आणि उद्यानात फोन करून विचारा, "एवढ्या उंचीच्या पोराला कशाकशात बसता येईल?" गेल्यावर कळण्यापेक्षा हे बरे.

काही जण पट्टीपाशी पोराला टाचा उंच करायला सांगतात, जाड तळव्याची चप्पल घालतात, नाहीतर "मी धरतो की त्याला" म्हणून रखवालदाराशी हुज्जत घालतात. मंडळी, ही नियमाची अडवणूक नव्हे. मांडीवर येणारा लोखंडी दांडा आणि खांद्यावरून येणारा पट्टा ठरावीक मापाच्या अंगासाठी केलेला असतो. लेकरू बारीक असले तर दांडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही, मधे फट राहते आणि हिसका बसला की ते खालून निसटते. शिवाय लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. मोठ्या माणसाला जो झटका गुदगुल्या करतो, तोच त्याच्या मानेला इजा करू शकतो. वेगात फिरताना आपल्या हातांची पकडही टिकत नाही.

भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे

तीन-चार वर्षांच्या लेकराला खरे काय आणि सोंग काय, हे नीट कळत नाही. भुताच्या वाड्यातला सांगाडा आपल्याला पुठ्ठ्याचा दिसतो, त्याला तो जिवंत दिसतो. अंधार, अचानक उजेड, कानठळ्या बसवणारा आवाज यांनी ते हादरते. बाहुल्याच्या वेषातला सहा फुटी माणूस मिठी मारायला आला, तरी काही पोरं घर डोक्यावर घेतात.

अशा वेळी "मर्द गडी ना तू?" म्हणून ढकलू नका आणि चारचौघांत हसूही नका. आधी लांबून दाखवा. दुसरी पोरं कशी बसलीत, कशी हसत उतरतात, ते बघू द्या. त्याने आपणहून बोट दाखवले, तर बसवा. नाही म्हणाले, तर राहू द्या. जबरदस्तीने बसवलेले पोर पुढे गावच्या जत्रेतल्या साध्या चक्रीलाही बिचकते आणि रात्री दचकून उठते.

निघण्याआधी आठ दिवस आठवडी बाजारातल्या हाताने फिरवायच्या पाळण्यात एकदा बसवून पाहा. आवडते की नाही, ओकारी येते की नाही, तिथेच कळेल.

पाण्यात आवाज होत नाही

पाण्याच्या पार्कमध्ये मोठ्यांचे सगळे लक्ष घसरगुंडीकडे असते. बारकं कडेला गुडघाभर पाण्यात खेळत असतं. विहिरीत पडलेला माणूस ओरडतो असे आपण ऐकलेले असते. लहान मूल बुडताना ओरडत नाही. ते गपकन खाली जाते. वीतभर पाणीही त्याला पुरते, तेही दोन-चार मिनिटांत. म्हणून एक नेम करा. एका लेकरामागे एक मोठे माणूस, हाताच्या अंतरावर. त्या माणसाने फोन बघायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. तासाभराने दुसऱ्याने पाळी घ्यायची. "सगळेच बघताहेत" म्हणजे कोणीच बघत नाही, हे खळ्यावर राखणीला बसलेल्या माणसाला सांगायला नको.

बोटीत बसायचे असेल तर जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाय ठेवू नका आणि गर्दी दिसली तर दुसऱ्या फेरीसाठी थांबा. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगात जाकिटे नव्हती.

आणखी एक. पाण्यात सुती कपडे, साडी, धोतर चालत नाही. नायलॉनचे कपडे लागतात, ते तिथे अनामत ठेवून भाड्याने मिळतात. आजीला पाण्यात उतरायचे नसेल तर तिला सावलीची जागा आधी बघून द्या. नाहीतर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत ती दिवसभर उन्हात बसते.

ऊन, भूक आणि झोप

लेकराचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि तहान लागली, हे ते खेळाच्या नादात सांगत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने दोन घोट पाणी स्वतःहून पाजा. डोक्याला टोपी आणि पिशवीत जलसंजीवनीची दोन पाकिटे असू द्या. लघवी पिवळीधमक झाली, पोर मलूल झाले, तर खेळ बंद करून सावली गाठा.

बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. लहान मुलाचा खाऊ आणि औषध सहसा सोडतात, पण फोनवर आधीच विचारून घ्या. सकाळी गाडीतच पोटभर भाकरी-भाजी झाली, तर आतला खर्च निम्मा होतो. मात्र देशावरून खोपोलीकडे जाणार असाल तर बोरघाट उतरायचा आहे. घाटाआधी पोराला तेलकट, दूध-केळी देऊ नका. हलके खाऊ घाला, पोटभर जेवण घाट उतरल्यावर.

दुपारी घरी झोपणारे लेकरू तिथेही पेंगणारच. तास-दीड तास सावलीत चादर टाकून झोपवा. झोप झालेले पोर संध्याकाळी पुन्हा हसते.

मे महिना आणि दिवाळीची सुटी यांत गर्दी मावत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा बरी. त्यातही शनिवार-रविवार टाळा. नोकरदाराला रविवारच गाठावा लागतो. शेतकऱ्याला मंगळवार काय आणि बुधवार काय! पाण्याची पाळी बघून मधला वार धरा. एकेका रांगेचा तास वाचतो, आणि रांगेत तासभर उभे राहणे हेच लेकराला सगळ्यात जड जाते.

प्रवासाचा हिशेब

जीपगाडीत बारा-पंधरा माणसे कोंबून रातोरात जाण्यापेक्षा एसटीचा विचार करा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे. दोन बायका, एक आजोबा आणि एक बारके असे कुटुंब असले तर खर्च किती उतरतो, ते तुम्हीच मांडून बघा. खोपोलीला कर्जतवरून रेल्वेही जाते.

हरवलं तर?

"तुझं नाव काय?" "सोन्या." "वडिलांचं?" "पप्पा." "गाव?" "आमचं गाव." हसू येते खरे, पण हजारोंच्या गर्दीत हे उत्तर काय कामाचे? पोराला स्वतःचे पूर्ण नाव, आई-वडिलांचे नाव, गाव आणि तालुका पाठ करून घ्या. निघायच्या सकाळी दंडावर किंवा मनगटावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा, दुसरी चिठ्ठी खिशात घाला. अंगात भडक रंगाचा सदरा किंवा झगा घाला आणि त्याच कपड्यात एक फोटो काढून ठेवा. पोर सापडेना तेव्हा "निळी चड्डी होती की काळी" यावर नवरा-बायकोत वाद नकोत.

त्याला सांगून ठेवा, "मी दिसलो नाही तर जागचा हलू नको, वर्दीतल्या माणसाला नाहीतर लेकुरवाळ्या बाईला सांग." आपणही आधी दारावर आणि पाण्याकडे माणूस पाठवावा, लगेच माहिती केंद्रातून पुकारा करायला लावावा. मुलांसाठीचा १०९८ आणि तातडीचा ११२ हे दोन्ही नंबर पाठ असू द्या.

गावच्या कारभाऱ्यांनी हेही बघावं

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना वाटेल, हे तर आईबापांचे काम. पण ज्यांना खोपोली-शिर्डी परवडत नाही, त्यांच्या लेकरांचे पहिले उद्यान म्हणजे तुमच्या गावची जत्राच. तिथे येणारा आकाशपाळणा दोन दिवसांत उभा राहतो आणि चार दिवसांनी उठतो. त्याला जागा देताना नुसती पावती फाडू नका. पाळण्याचे पाय भुसभुशीत रानात की कठीण जमिनीवर, उघड्या वायरी पोरांच्या पायात येतात का, प्रत्येक पाळण्याला अडसर आहे का, चालवणारा शुद्धीत आहे का, एवढे तरी डोळ्यांनी बघा. वायरिंगची तपासणी जाणकाराकडून करून घ्या. तीन फुटांवर एक आडवी रेघ मारून फळी लावा आणि त्याखालच्याला मोठ्या पाळण्यात घेऊ नका. याला किती खर्च येतो?

वाट रुंद ठेवा. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत काय झाले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अरुंद वाट, दुतर्फा दुकाने आणि चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक जीव गेले. जत्रेत हरवलेल्या मुलांसाठी मंदिरापाशी एक जागा ठरवा, तिथे एक सेविका आणि एक माइक द्या. जत्रेआधीच्या आठवड्यात अंगणवाडीत पोरांकडून नाव-गाव घोकून घ्या. ताई हे हसतखेळत करतील.

शेतकरी बंधूंनो, बी पेरण्याआधी आपण वाफसा बघतो. ओल नसताना घाई केली तर बियाणेही जाते आणि हंगामही. लेकराचेही तसेच. मोठे पाळणे कुठे पळून जात नाहीत. पोर दोन-चार वर्षांत पट्टीच्या वर येईल, तेव्हा स्वतःच तुमचा हात ओढत नेईल. यंदा त्याला लाकडी घोड्यावर बसवा, शेजारी उभे राहा आणि त्याचा हात धरून ठेवा.