पर्यावरण-अभ्यास विभागाचा प्रमुख : निवडीचा प्रश्न

विद्यापीठातील एखाद्या जुन्या विषयाच्या विभागास प्रमुख हवा असला, म्हणजे त्याचा शोध कोठे घ्यावयाचा हे बहुधा ठरलेले असते. रसायनशास्त्राचा प्रमुख रसायनशास्त्रज्ञ असावा ह्याविषयी दोन मते संभवत नाहीत. वाद होतो तो माणसांविषयी, विषयाविषयी नव्हे. पर्यावरण-अभ्यासाची गोष्ट निराळी आहे. ह्या विभागाच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ असतो, भूशास्त्रज्ञ असतो, सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर हयात घालविलेला अभियंता असतो आणि जंगल-कायद्यांचा इतिहास लिहिणारी विदुषीही असते. ह्यांपैकी प्रत्येकाचा विषय पर्यावरण हाच आहे. पण एकाच्या कामाचा कस दुसऱ्याच्या कसोटीवर लागत नाही. कोणाची निवड करावयाची हा निर्णय मुलाखतीच्या दिवशी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जाहिरातीचा मजकूर तयार होतो त्याच वेळी तो बहुतांशी होऊन गेलेला असतो. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम 'प्रमुख' ह्या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे जाहिरात निघते ती प्राध्यापकपदाची. प्रमुखपद हे प्राध्यापकावर सोपविलेले काम होय. केंद्रीय विद्यापीठांच्या परिनियमांत ते तीन वर्षांच्या मुदतीने दिले जाते, आणि इतरत्रही ते ज्येष्ठ अध्यापकांत आळीपाळीने फिरण्याची पद्धत आहे. चार-पाच प्राध्यापक असलेल्या विभागात ही पद्धत चांगली चालते. परंतु पर्यावरणाचे विभाग बहुधा लहान असतात. जेथे प्राध्यापकाचे पद एकच मंजूर आहे, तेथे पाळी फिरावयास दुसरा माणूसच नसतो. पंचेचाळिसाव्या वर्षी निवडलेला प्राध्यापक निवृत्त होईतो व्यवहारतः प्रमुखच राहतो. कागदावर आपण एक अध्यापक नेमीत असतो आणि प्रत्यक्षात विभागाचे दीड-दोन तपांचे धोरण ठरवीत असतो.

ह्या विषयाला विद्यापीठांत जागा मिळाली ती काही अंशी न्यायालयाच्या आग्रहामुळे. एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिले, आणि २००३ साली त्यांची अंमलबजावणी करण्याविषयी पुन्हा बजावले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखून दिला. विषय सक्तीचा झाला, पण त्या प्रमाणात अध्यापकांची पदे निर्माण झाली नाहीत. अनेक महाविद्यालयांत तो ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी असेल त्याच्याकडे, किंवा तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाकडे गेला. विद्यापीठातील विभागाने ह्या अध्यापकांना आधार द्यावा, त्यांच्यासाठी पाठ्यसामग्री तयार करावी, त्यांच्यातून संशोधक घडवावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. ती पुरी होणे न होणे पुष्कळसे प्रमुखावर अवलंबून असते.

आता नियमांकडे वळू. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत थेट भरतीच्या प्राध्यापकपदासाठी पुढील किमान अटी घातल्या आहेत : संबंधित, संलग्न अथवा अनुरूप विषयातील पीएच्.डी., किमान दहा शोधनिबंध, संशोधनाचे एकूण १२० गुण, अध्यापनाचा किंवा समकक्ष संशोधनाचा दहा वर्षांचा अनुभव, आणि पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यास यशस्वीपणे मार्गदर्शन केल्याचा पुरावा. विद्यापीठांबाहेर, उद्योगांत वा अन्य संस्थांत, काम केलेल्या नामांकित पीएच्.डी.धारकासही दहा वर्षांच्या अनुभवावर दुसरा दरवाजा उघडा ठेवला आहे. मात्र त्याने ज्ञानात मोलाची भर घातल्याची कागदपत्रे दाखविली पाहिजेत. पर्यावरणाच्या विभागास हा दुसरा दरवाजा विशेष उपयोगी आहे. प्रदूषणाचे मोजमाप, वनव्यवस्थापन वा जलनियोजन प्रत्यक्ष केलेली माणसे विद्यापीठांबाहेरच अधिक आहेत. पण जाहिरातीत त्याचा नुसता उल्लेख करून भागत नाही. बाहेरच्या माणसाने कोणती कागदपत्रे दाखविली असता ती ग्राह्य धरू, हे आधी न ठरविल्यास छाननीचा लिपिक त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला काढतो. आणि त्यात लिपिकाचा दोष नसतो.

खरी अडचण 'संलग्न' ह्या शब्दात आहे. कोणते विषय संलग्न, हे विनियम सांगत नाहीत. ते विद्यापीठाने ठरवावयाचे. विभाग विज्ञानशाखेत मोडत असला की संलग्न विषयांची यादी आपोआप वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूशास्त्र अशी होते, आणि अर्थशास्त्र, भूगोलाची सामाजिक बाजू, कायदा हे सारे दाराबाहेर राहतात. हे कोणी हेतुपूर्वक करतो असे नाही. मागील जाहिरातीची नक्कल करताना ते घडते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात पदवीचा विषय कोणताही असला तरी पीएच्.डी.च्या विषयावर पात्रता ठरविण्याकडे कल दिसतो. अशा विभागांस ही दिशा हितावह आहे. तरीही कोणती पीएच्.डी. चालेल हा प्रश्न तिने सुटत नाही.

दुसरी गोष्ट गुणांच्या तक्त्याची. २०१८ च्या तक्त्यानुसार विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी इत्यादी शाखांत एका शोधनिबंधास ८ गुण, तर भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांत १० गुण मिळतात. दोन लेखक असल्यास प्रत्येकास ७० टक्के. दोहोंहून अधिक असल्यास प्रमुख लेखकास ७० टक्के व इतर प्रत्येकास ३० टक्के. सहा जणांनी मिळून नदीच्या एका खोऱ्याचा अभ्यास केला आणि विज्ञानशाखेत निबंध छापला, तर प्रमुख लेखकाच्या पदरात ५.६ गुण पडतात आणि उरलेल्या पाचांच्या पदरात प्रत्येकी २.४. एकट्याने लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञास १२० गुणांसाठी बारा निबंध पुरतात. सहलेखक म्हणून काम करणाऱ्या परिस्थितिकी-संशोधकास पन्नास लागतात. ह्या हिशेबात नियतकालिकाच्या प्रभावांकाबद्दल मिळणारी भर धरलेली नाही. ती धरली की पारडे उलट बाजूस झुकते, कारण मानव्यविद्यांच्या पुष्कळ नियतकालिकांना प्रभावांक नसतोच. राष्ट्रीय पातळीवरील धोरणविषयक दस्तऐवजास ७ गुण आहेत, राज्य पातळीवरील दस्तऐवजास ४. ज्या अहवालावर एखाद्या जिल्ह्यातील खाणी चालू राहणे वा बंद होणे अवलंबून असते, तो एका शोधनिबंधाच्या निम्म्या मोलाचा ठरतो!

सारांश असा, की पर्यावरण-अभ्यासास जी गोष्ट सर्वांत आवश्यक, म्हणजे अनेक शास्त्रांतील माणसांनी एकत्र बसून काम करणे, तिलाच तक्ता कमी लेखतो. तक्ता बदलणे विद्यापीठाच्या हाती नाही. पण १२० ही किमान अट आहे, गुणानुक्रम नव्हे, हे निवड समितीने ध्यानात ठेवणे तिच्या हाती निश्चित आहे. किमान रेषा ओलांडलेल्या अर्जदारांतून ज्याचे गुण अधिक तो श्रेष्ठ, असे मानण्याचा मोह अनावर असतो. त्यामुळे वादाची झंझट टळते. परंतु वाद टाळून अशा विभागाचा प्रमुख निवडता येत नाही.

ह्या संदर्भात आपल्याकडील एक उदाहरण बोलके आहे. माधव गाडगीळ हे हार्वर्डची पीएच्.डी. घेऊन १९७१ साली परतले आणि १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले, ते सैद्धांतिक अभ्यासाच्या केंद्रात. परिस्थितिकीचा वेगळा विभाग तेथे तेव्हा नव्हता. परिस्थितिकी विज्ञान केंद्र पुढे १९८३ साली निघाले. मधल्या काळात त्यांनी वा. द. वर्तक यांच्यासह सह्याद्रीतील देवरायांवर लिहिलेला निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. देवराई हा विषय वनस्पतिशास्त्राचा की समाजशास्त्राचा, असा प्रश्न विचारून बसणाऱ्या संस्थेत ते काम झाले नसते. त्या संस्थेने आधी माणूस घेतला आणि विभाग मागाहून काढला.

इंग्लंडातील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने विभाग आधी काढला, पण तोही मोकळ्या मनाने. १९६७ साली तेथे पर्यावरण-विज्ञानाची शाखा स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला अधिष्ठाता म्हणून कीथ क्लेटन हा भूरूपशास्त्रज्ञ निवडला गेला. भूरूपशास्त्र हे भूगोल व भूशास्त्र यांच्या सीमेवरचे शास्त्र असल्याने त्याला दोन्ही बाजूंची भाषा कळत होती. पुढे १९७२ मध्ये ह्याच शाखेत ह्यूबर्ट लँब ह्या हवामानशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली हवामान-संशोधनाचा स्वतंत्र कक्ष निघाला. लँब सरकारी हवामान-कार्यालयातून आला होता. वर ज्या 'दुसऱ्या दरवाजा'चा उल्लेख केला, त्यातून आलेला माणूस काय करू शकतो, हे त्यावरून दिसते.

निवड समितीची रचना विनियमांनी घालून दिली आहे : कुलगुरू अध्यक्ष, कुलपतींनी नियुक्त केलेला एक विद्वान, तीन विषयतज्ज्ञ, शाखेचे अधिष्ठाते आणि विभागप्रमुख; शिवाय प्रसंगानुसार राखीव प्रवर्ग, स्त्रिया इत्यादींचा प्रतिनिधी. कळीची जागा तीन विषयतज्ज्ञांची. हे तिघे एकाच शास्त्राचे असले तर निकाल अगोदरच लागला. तिघे तीन शास्त्रांचे असले, आणि विभागाला काय हवे हे त्यांना कोणी लेखी सांगितले नसले, तर दुसराच अनर्थ ओढवतो. एका विद्यापीठाच्या समितीवर प्रस्तुत लेखक विषयतज्ज्ञ म्हणून बसला होता. पाच उमेदवार होते, त्यांतील निदान दोघे उत्तम. प्रत्येक तज्ज्ञाने आपल्या शास्त्राच्या मापाने दुसऱ्याच्या उमेदवारात उणीव काढली. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नव्हता. सायंकाळी 'कोणीही योग्य आढळले नाही' असा शेरा लिहून आम्ही चहा घेतला. ते पद पुढे कित्येक वर्षे रिक्त राहिले, आणि त्या विभागातील संशोधक-विद्यार्थ्यांना मार्गदर्शक बदलून अन्य विभागांत जावे लागले. ह्या शेऱ्यावर आपली सही आहे, हे आजही विसरता येत नाही.

एकाकी पदाच्या बाबतीत आरक्षणाचा प्रश्नही लक्षात घ्यावयास हवा. बिंदुनामावलीसाठी विभाग हा घटक धरावा, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला होता. एकच प्राध्यापकपद असलेल्या विभागात तसे केल्यास ते पद राखीव होण्याची पाळी जवळजवळ येतच नाही. केंद्रीय संस्थांपुरता तो निर्णय २०१९ च्या कायद्याने फिरवून संपूर्ण संस्था हा घटक ठरविला. लहान विभागांची संख्या वाढत असता हा बदल न्याय्य होता, असे आमचे मत आहे.

राहता राहिला प्रमुखाच्या अधिकारांचा प्रश्न. अमेरिकेतील विद्यापीठांत प्रमुखाच्या पदासाठी येणारा उमेदवार दोन दिवस राहतो, जाहीर व्याख्यान देतो, विद्यार्थ्यांना भेटतो, आणि रुकार देण्यापूर्वी आपल्याला किती पदे, किती जागा, किती पैसा मिळणार हे विचारतो. आपल्याकडे मुलाखत अर्ध्या-पाऊण तासात आटोपते आणि उमेदवाराने प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. व्याख्यान घेण्याची मुभा विनियमांतही आहे, ती वापरावी. आणि जाहिरात निघण्यापूर्वी विभागाने एक टाचण तयार करून विद्यापरिषदेपुढे ठेवावे. त्यात संलग्न विषयांची यादी असावी, अन्य विभागांतील कोणते अध्यापक येथे शिकविणार व त्यांच्या कामाची नोंद कोणाकडे राहणार हे असावे, रिक्त पदांपैकी किती व केव्हा भरणार ह्याचे आश्वासन असावे. टाचणाची एक प्रत तिन्ही विषयतज्ज्ञांकडे आणि एक प्रत प्रत्येक उमेदवाराकडे, मुलाखतीपूर्वी निदान पंधरा दिवस, पोचली पाहिजे.