व्यायाम पोटाचा, दुखणे मानेचे

पोट कमी करायचे म्हणून नव्याने व्यायामाला लागलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशीची तक्रार पुष्कळदा पोटाची नसतेच. तक्रार असते, ‘मान धरली.’ कोणाची क्रंचेस मारून धरते, कोणाची प्लँकमध्ये, कोणाची सूर्यनमस्कार घालून. मग घरोघरचे सल्ले सुरू होतात. बाम चोळ, उशी काढून टाक, न्हाव्याकडून मान मोडून घे. सगळ्यांत शेवटचा सल्ला ठरलेला असतो : तुला झेपत नाही, बंद कर.

मानेची रचना जरा समजून घेतली, तर यातले बरेच सल्ले आपोआप बाद होतात. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यावर साधारण साडेचार ते साडेपाच किलोचे डोके तोललेले असते. मणक्यांना चिकटून, अगदी आत, बारीक स्नायू असतात. दिवसभर डोके जागच्या जागी धरून ठेवणे हे त्यांचे काम. बाहेरून दिसणारे मोठे स्नायू वेगळे. कानामागून पुढे गळ्याच्या हाडापर्यंत उतरणारा एक, आणि मानेपासून खांद्यांवर व पाठीवर पसरलेला ट्रॅपेझियस. नवशिक्याच्या पोटात आणि खवाट्यांभोवती ताकद कमी असली की त्यांचे काम हे मोठे स्नायू ओढून घेतात. व्यायामात मान दुखते ती बहुधा या परक्या कामामुळे. दुखणाऱ्या जागीच बाम चोळत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गैरसमज : क्रंचेस मारताना मान दुखणारच, पोटाला ताण बसल्याची ती खूण आहे.

वस्तुस्थिती : ती खूण पोटाऐवजी मान कामाला लागल्याची आहे. उताणे झोपून डोके उचलले की डोक्याचे सगळे वजन मानेच्या पुढच्या स्नायूंवर येते. दहा-बारा वेळा उचलल्यावर ते थकतात आणि हनुवटी पुढे निघते. मग डोक्यामागे गुंफलेले हात मदतीला येतात व डोके पुढे ओढू लागतात. आकडा वाढत जातो, पोट मात्र जवळजवळ सुट्टीवर असते.

बोटे गुंफण्याऐवजी बोटांची टोके नुसती कानांमागे टेकवावीत. हनुवटी आणि छाती यांच्यात एक मूठ मावेल एवढी जागा राखावी, आणि खवाटे जमिनीवरून सुटतील एवढेच वर यावे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्याचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेला प्रकार नवशिक्यांना आणखी सोयीचा आहे. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडलेला, दोन्ही हात कमरेच्या पोकळीखाली. डोके, मान आणि खांदे एकसंध ठेवून जेमतेम उचलायचे. हालचाल छातीमागच्या मणक्यांतून होते, मान वाकत नाही.

तेही जड जात असेल तर क्रंचेस सोडून द्याव्यात, काही बिघडत नाही. अमेरिकेच्या लष्कराने अनेक दशके सैनिकांची तंदुरुस्ती सिट-अप मोजून ठरवली. नव्या चाचणीतून मात्र सिट-अप गेल्या, आणि २०२२ पासून लष्कराच्या चाचणीत पोटाच्या ताकदीसाठी प्लँक आहे.

गैरसमज : व्यायाम करताना मान ताठ आणि नजर समोर हवी.

वस्तुस्थिती : उभ्या माणसासाठी हे बरोबर आहे. पण प्लँकमध्ये, दंड मारताना किंवा डेडलिफ्टसाठी वाकल्यावर धड जमिनीला समांतर होते, आणि तेव्हाही समोरच्या आरशात पाहायचे म्हटले की मान मागे मोडावी लागते. मान पाठीच्या रेषेत हवी. म्हणजे प्लँकमध्ये नजर हातांच्या किंचित पुढे जमिनीवर, आणि डेडलिफ्टच्या सुरुवातीला पायांपुढे काही फुटांवर. आपला आकार बघायचाच असेल तर बाजूने मोबाइलवर चित्रण करून घ्यावे, आरशाचा मोह टळतो.

स्क्वॉटमध्ये घोटाळा नजरेपेक्षा बार ठेवण्यात होतो. मान खाली घातली की तळाशी हाडाचा एक उंचवटा बोटांना लागतो. बहुतेकांचा तो सातवा मणका असतो. नवशिका बार नेमका त्यावर टेकवतो, मग टोचतो म्हणून बारला फोम गुंडाळतो. खवाटे एकमेकांजवळ आणले की त्या हाडाच्या खाली ट्रॅपेझियसचा मांसल उंचवटा तयार होतो. बारची जागा तिथे आहे. लॅट पुलडाऊनचा बार मानेमागे ओढण्याचीही अनेक जिममध्ये रीत आहे. त्यासाठी डोके पुढे काढावे लागते आणि खांदा अवघड कोनात जातो. बार छातीच्या वरच्या भागाकडे ओढला तरी पाठीला पुरेसे काम मिळते.

गैरसमज : जड वजन उचलायचे तर खांदे आवळून, दात-ओठ खाऊन जोर लावावा लागतो.

वस्तुस्थिती : खांदे कानांकडे चढले की डंबेल हातात असले तरी भार मानेवर आलेला असतो. दात आवळल्याने जबडा आणि मान दोन्ही ताठरतात. तिसरा भागीदार श्वास. मानेच्या दोन्ही बाजूंचे काही स्नायू खाली पहिल्या दोन बरगड्यांना जोडलेले असतात आणि धाप लागली की बरगड्या वर उचलायला मदत करतात. नवशिका वरच्या छातीने भराभर श्वास घेतो, तेव्हा मानेला वजनाबरोबर श्वासाचेही काम करावे लागते. जोर लावताना श्वास सोडावा, वजन परत आणताना घ्यावा. सेटच्या शेवटी खांदे वर चढू लागले, तर त्या दिवसापुरते वजन जास्त झाले असे समजून सेट तिथेच थांबवावा.

गैरसमज : शीर्षासन हा आसनांचा राजा; जितके लवकर जमेल तितके चांगले.

वस्तुस्थिती : राजा असेल, पण नवशिक्याने पहिल्याच महिन्यात त्याच्या दरबारात जायचे कारण नाही. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरावलेल्या साधकांच्या डोक्यावर शीर्षासनात किती भार येतो ते मोजले. तो शरीराच्या वजनाच्या ४० ते ४८ टक्के भरला. म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या मानेवर २४ ते २९ किलो. एरवी तीच मान पाच किलोच्या आसपास भार सांभाळते. हे आकडे जाणकारांचे आहेत. भार हातांवर आणि कोपरांवर घ्यायला न शिकलेल्याने भिंतीला पाय लावून उलटे उभे राहण्याची घाई करू नये.

सर्वांगासनात मान पुढे दुमडते आणि तिच्यावर धडाचे ओझे येते. पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत यासाठी खांद्यांखाली घड्या घातलेली कांबळी ठेवतात. खांदे कांबळ्यांवर, डोके त्यांच्या खाली जमिनीवर, त्यामुळे मानेला वाकायला जागा मिळते. आसनात असताना मान डावी-उजवीकडे वळवून शेजाऱ्याचे बघायचे नाही, ही सूचनाही तितकीच महत्त्वाची.

सूर्यनमस्कार मराठी माणसाला औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्यामुळे फार जवळचे झाले. त्यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमधून रुजवले. त्यात मान धरते ती बहुधा मागे वाकण्याच्या स्थितीत. छाती उघडायला वेळ लागतो, डोके मात्र चटकन मागे टाकता येते. आधी छाती उचलावी, खांदे खाली सोडावेत, आणि डोके सगळ्यांत शेवटी, जाईल तेवढेच मागे न्यावे.

गैरसमज : सुरुवातीला मान गोल-गोल फिरवावी, कडकड वाजली की मोकळी झाली.

वस्तुस्थिती : मान मागे आणि त्याच वेळी एका बाजूला कलली की मणक्यांमधून नसा बाहेर पडण्याची छिद्रे त्या बाजूला अरुंद होतात. दबलेली नस ओळखण्यासाठी डॉक्टर ‘स्पर्लिंग’ नावाची तपासणी करतात, तिच्यात मान नेमकी अशीच कलवून वरून दाब देतात. पूर्ण गोल फिरवताना नवशिका प्रत्येक फेरीत याच कोपऱ्यातून जातो, तेही झटक्याने. त्यापेक्षा उजवीकडे-डावीकडे वळवणे, कान खांद्याकडे नेणे, हनुवटी छातीकडे आणणे अशा सुट्या, सावकाश हालचाली पाच-सहा वेळा कराव्यात. सोबत खांदे गोल फिरवावेत आणि दोन-चार मिनिटे जागच्या जागी चालावे. मान गरम व्हायला तेवढे पुरते.

कडकड आवाजाचा मोकळेपणाशी संबंध लावायचे कारण नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडत असतानाच त्याचे एमआरआय चित्रण केले. सांध्याचे पृष्ठभाग झटकन दूर होताना आतल्या द्रवात पोकळी तयार होते, त्याच क्षणी आवाज येतो, असे त्यात दिसले. जागेवरून सरकलेले काही जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. मालिशच्या शेवटी दुसऱ्याने झटका देऊन मान मोडणे तर टाळावेच. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडले तर नुकसान कधी भरून न येणारेही असू शकते.

गैरसमज : मान दुखरी असेल तर कॉलर लावून पडून राहावे, मानेला व्यायाम देऊ नये.

वस्तुस्थिती : साध्या आखडलेल्या मानेला लांबलचक विश्रांती मानवत नाही. फिनलंडमध्ये मानेच्या जुनाट दुखण्याने त्रस्त अशा १८० कार्यालयीन कर्मचारी महिलांवर वर्षभराचा प्रयोग झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने मान आणि खांद्यांचे ताकदीचे व्यायाम केले, दुसऱ्याने हलक्या वजनाने दमाचे, आणि तिसऱ्याला ताणाचे व चालण्यासारखे व्यायाम करायला सांगितले. दुखणे बरेचसे किंवा पूर्ण थांबल्याचे ताकदीच्या गटात ७३ टक्के जणींनी सांगितले, दमाच्या गटात ५९ टक्के जणींनी, आणि तिसऱ्या गटात अवघ्या २१ टक्के जणींनी.

वेळ नाही ही सबबही डेन्मार्कमध्ये निकालात निघाली. तिथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्यालयात काम करणाऱ्या १९८ जणांपैकी काहींनी आठवड्यातून पाच दिवस रबरी पट्टा पायाखाली धरून हात बाजूंना उचलण्याचा व्यायाम केला. कोणी रोज दोन मिनिटे, कोणी बारा. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे दुखणे, व्यायाम न करणाऱ्यांच्या मानाने, स्पष्ट कमी झाले होते. दोन मिनिटांचा गट बारा मिनिटांवाल्यांच्या फार मागे नव्हता.

घरी सुरुवात करायला तीन गोष्टी पुरतात. पहिली, उताणे पडून डोके न उचलता हनुवटी हलकेच आत ओढायची आणि पाच-दहा सेकंद धरायची. खोलवरचे स्नायू यात कामाला लागतात. दुसरी, तळहात कपाळावर, मग कानाच्या वर, मग डोक्यामागे ठेवून हलका दाब द्यायचा आणि मान हलू द्यायची नाही. तिसरी, रबरी पट्टा दाराला अडकवून कोपरे मागे ओढायची, म्हणजे खवाटे जवळ येतात. पहिलवानाच्या जाड मानेमागे वर्षांची मेहनत असते. त्याचे बघून डोक्यावर भार देऊन कमान करायला पहिल्या वर्षी जाऊ नये.

गैरसमज : एमआरआयमध्ये झीज निघाली, म्हणजे व्यायाम संपला.

वस्तुस्थिती : जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली चकती फुगलेली दिसली. विशीतल्या तरुणांतही असे बहुसंख्य निघाले. २०१५ च्या या अहवालाने चित्रातली झीज आणि अंगातले दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे ठसठशीत दाखवले. व्यायाम बंद करायचा की नुसता बदलायचा, हे चित्रापेक्षा लक्षणांवरून ठरते.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. हातात उतरणारी कळ, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, शर्टाची बटणे लावताना अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेले दुखणेही यातच धरावे. मानेत अचानक, पूर्वी कधी नव्हती अशी कळ येऊन सोबत चक्कर, दुहेरी दिसणे किंवा बोलताना जीभ अडखळणे असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. आणि चाळिशीपुढच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : जिना चढताना किंवा ट्रेडमिलवर मान, जबडा किंवा छाती भरून येते आणि थांबले की उतरते, असे होत असेल तर ते दुखणे मानेचे नसून हृदयाचे असू शकते.

बाकी, व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत जाणवणारा, दोन्ही बाजूंचा बोथट ठणका हा नव्या मेहनतीचा असतो आणि आपोआप ओसरतो. तेवढ्या दिवसांत मान सावकाश हलवत राहावी, शेकावे, चालावे. पुन्हा सुरू करताना वजन निम्मे करावे आणि ज्या हालचालीने मान धरली होती ती ट्रेनरला किंवा फिजिओथेरपिस्टला करून दाखवावी.