ग्रीस निपल मिळत नाही, तेव्हा

आजचा विषय बोटाच्या पेराएवढाही नाही. प्रोपेलर शाफ्टवरचं ग्रीस निपल. दुकानात काही रुपयांत मिळणारी वस्तू, पण नेमकं आपल्याला हवं ते मिळत नाही. मग लोक काय करतात? त्या भोकात एखादा स्क्रू फिरवतात, नाहीतर एम-सील भरतात आणि गाडी चालवत राहतात. भोक बंद झालं म्हणजे काम झालं असं वाटतं. पण निपल भोक बंद करायला नसतं, ग्रीस आत जाऊ द्यायला असतं. ते बंद केलं की आतल्या बेअरिंगचा खुराकच बंद.

गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे ताकद नेणारा तो लांब नळीसारखा शाफ्ट. मागची चाकं खड्ड्यात खालीवर होतात, म्हणून शाफ्टला दोन्ही टोकांना वळता येईल असा सांधा लागतो. त्या सांध्यात अधिक चिन्हासारखा एक तुकडा असतो, त्याला सगळे क्रॉस म्हणतात. क्रॉसच्या चार टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कपात बारीक सुयांचं बेअरिंग. निपलमधून गेलेलं ग्रीस क्रॉसच्या पोटातल्या वाटांनी चारही कपांत पोचतं. ते पोचलं नाही की सुया गंजतात, त्यांची लालसर भुकटी बाहेर येते, गिअर बदलताना खालून ‘टक’ असा आवाज येतो. तिथेही लक्ष दिलं नाही, तर एक दिवस कप फुटतो. शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यावर आपटलं, तर वेगातल्या गाडीचं काय होईल याची कल्पना करा. आमच्या झाशीवरून श्रीनगर ते कन्याकुमारी असा ४४ क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम जाणारा २७ क्रमांकाचा, असे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. मागून भरलेला ट्रक येत असताना शाफ्ट सुटणं म्हणजे नुसता दुरुस्तीचा खर्च नाही.

आता मुद्दा. आमच्याकडे दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “कौन सी गाड़ी का?” तुम्ही जुन्या महिंद्रा जीपचं नाव घेतलंत की उत्तर येतं, “अब नहीं आता.” दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही दोघेही चुकीच्या वाटेने चाललेले. निपल गाडीच्या नावाने मागायचं नसतं, आट्यांच्या मापाने मागायचं असतं.

जीपमध्ये गोंधळ का होतो ते सांगतो. १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला महिंद्राने विलीज जीप जोडायला सुरुवात केली. गाडी अमेरिकन, म्हणून आटे इंचातले. १९५६च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक पद्धत आली, आणि पुढे बाजारात मिळणारे बदली क्रॉस कधी इंचाचे, कधी मिलिमीटरचे. पन्नास वर्षांत एका जीपला चार-पाच क्रॉस बदललेले असतात. त्यामुळे एकाच शाफ्टच्या पुढच्या टोकाला एक माप आणि मागच्या टोकाला दुसरं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. गाडीचं पुस्तक इथे उपयोगी पडत नाही, व्हर्नियर उपयोगी पडतो.

तुटलेल्या निपलचा आट्यांचा भाग व्हर्नियरमध्ये धरा. सहा मिलिमीटर आलं तर बहुतेक एम ६. सहापेक्षा थोडं जास्त, ६.३५च्या आसपास आलं तर पाव इंच, म्हणजे आपल्या कारखान्याच्या भाषेत दोन सूत, एका इंचात २८ आटे. आठ आलं तर एम ८, दहा आलं तर एम १०. आणि ९.७ आलं तर सावध. ते एक सुती पाइपाचे आटे. तिथे एक सूत हे जुन्या पाइपाच्या पोकळीचं नाव आहे, आट्यांच्या जाडीचं नाही. म्हणून दुकानात ‘एक सूत’ मागितलं आणि हातात एवढं जाड निपल आलं, तर दुकानदाराशी भांडू नका.

आट्यांचं अंतर मोजायला पिच गेज नसेल तर साधी युक्ती आहे. नेहमीच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टचे आटे बरोबर एक मिलिमीटर अंतरावर असतात. वर सांगितलेल्या तिन्ही मेट्रिक निपलचंही अंतर बहुतेक तेवढंच. बोल्ट आणि निपल आट्यात आटा घालून उजेडासमोर धरा. फट दिसली नाही तर मेट्रिक. चार-पाच आट्यांत ते एकमेकांवर चढायला लागले, तर इंचाचं. हे पाहणं महत्त्वाचं, कारण दोन सुती भोकात एम ६चं निपल फिरतं, बसल्यासारखं वाटतं आणि ग्रीस गनचा दाब आला की उडून येतं.

परदेशातून किंवा ऑनलाइन मागवणार असाल, तर ‘झर्क’ या नावानेही शोधा. ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्कचं नाव अमेरिकेत त्या वस्तूलाच चिकटलं आहे.

माप जुळलं तरी उंची आणि कोन बघायचा. क्रॉसवरचं निपल दोन योकच्या बेचक्यात असतं. सरळ आणि लांब निपल लावलं तर शाफ्ट फिरताना ते योकला घासून तुटतं, आणि आधीचंही कदाचित असंच तुटलेलं असतं. म्हणून ४५ अंशाचं किंवा आखूड घ्या, आणि बसवल्यावर शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघा.

भोकाचे आटेच गेले असतील तर? स्लाइडिंग योकवर, जिथे लोखंड जाड आहे, तिथे सात मिलिमीटरचं ड्रिल करून एम ८ बाय एकचा टॅप मारता येतो. टॅपला ग्रीस फासा, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येईल. क्रॉसवर मात्र भोक मोठं करू नये, असं माझं ठाम मत आहे. सगळा पीळ त्या मधल्या भागावर येतो, आणि कीस आत गेला तर थेट सुयांत. तिथे नवा क्रॉस घाला. लाल भुकटी दिसत असेल तरीही नवाच क्रॉस. अशा वेळी निपल बदलणं म्हणजे मढ्याला शालजोडी.

शाफ्ट काढण्याआधी दोन गोष्टी. खडूने किंवा पंचने दोन्ही भागांवर खुणा करा. स्लाइडिंग जोड एका दाताने जरी फिरवून बसला तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरते. दुसरी गोष्ट जिवाची आहे. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्ट सोडवला की हँडब्रेक ओढलेला असूनही चाकं मोकळी. गिअरही मागची चाकं धरून ठेवत नाही. चारही चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.

निपल बसवताना लांब पाना नको. मान पोकळ असते, जोर लावला की तुटते. मग लिथियमचं दोन नंबर ईपी ग्रीस घ्या आणि हळूहळू मारा. चारही कपांच्या सीलमधून ग्रीस डोकावलं पाहिजे. तीनच बाजूंनी आलं तर चौथा कप उपाशी आहे. शाफ्ट फिरवून, थोडा हलवून पुन्हा मारा. तरी आलं नाही तर कप उघडून वाट साफ करा.

ग्रीस येतंय का हे बघायला निपलच्या किंवा गनच्या तोंडावर बोट कधी ठेवायचं नाही. हातगनचा दाबसुद्धा शंभर बारच्या कितीतरी वर जातो आणि ग्रीस कातडीखाली घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, फार दुखतही नाही. तरी तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि “ग्रीस दाबाने आत गेलंय” हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट गमवावं लागतं.

स्लाइडिंग जोडाच्या निपलला मात्र हात आखडता घ्या. सीलपाशी ग्रीस दिसलं की थांबायचं. जास्त भरलं तर शाफ्ट आत सरकायला जागा उरत नाही आणि टोकाची पत्र्याची टोपी उडते. क्रशरच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीला मी महिन्यातून एकदा ग्रीस मारतो, पावसाळ्यात पाण्यातून गेली तर त्याच आठवड्यात. आणि गन लावण्याआधी निपलचं तोंड फडक्याने पुसतो, नाहीतर बाहेरची धूळ आपणच आत ढकलतो.