समुद्राने कोरलेली घळ

आपल्या नांदेड-लातूरकडे समुद्र नाही. पण औसा तालुक्यात खरोसा येथे लेणी आहेत. ती माणसांनी छिन्नीने कोरली. समुद्रसुद्धा खडक कोरतो. ते आम्ही हेदवीला पाहिले.

हेदवी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात आहे. किनाऱ्यावर उमामहेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या मागे काळा खडक आहे. खडकात एक लांब, अरुंद चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात.

ही घळ कशी झाली? लाट खडकावर आदळते. पाणी भेगेत घुसते. आतली हवा दाबली जाते. भेग रुंदावते, दगड निखळतो. असे हजारो वर्षे चालते.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. सगळे शांत होते. आम्ही घळीजवळच्या दगडावर निवांत बसलो. तेवढ्यात एक कोळी ओरडला, "अहो पाहुणे, मागे या! भरती लागली!" आम्ही उठलो. थोड्याच वेळात घळीतून पाणी उंच उसळले. आमचा दगड चिंब झाला!

भरती दिवसातून बहुधा दोनदा येते. ती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. म्हणून कालची वेळ आज धरू नये. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढते.

समुद्र पाहायला जरूर जावे. पण आधी तिथल्या माणसाला भरतीची वेळ विचारावी. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही विचारले नव्हते!