सोयाबीनचा फुलोरा कोण ठरवतं?

बिलॉक्सी नावाचं सोयाबीनचं वाण थोड्या थोड्या दिवसांनी पेरलं, तरी सगळ्या पेरण्यांना सप्टेंबरात जवळपास एकदमच फुलं येत. अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञांना याचं कोडं पडलं होतं. १९१८च्या जुलैत व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन फार्मवर त्यांनी सोयाबीनची रोपं दुपारी चारलाच अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या ऐन लांब दिवसांतही ती रोपं लवकर फुलली. १९२० साली त्यांनी निष्कर्ष छापला: फुलोरा ठरतो तो दिवस-रात्रीच्या लांबीवर.

हा हिशेब पानात होतो. दिवस मोठा असला की प्रकाश ओळखणारी फायटोक्रोम प्रथिनं ई१ हे जनुक जागं ठेवतात. ई१चं काम अडवण्याचं. पानातून शेंड्याकडे फुलण्याचा निरोप नेणाऱ्या एफटी प्रथिनांची जनुकं ते दाबून धरतं. रात्र वाढली की ई१ मंदावतं आणि निरोप सुटतो. ई१ फक्त शेंगवर्गीय वनस्पतींत सापडतं. ते नेमकं कोणतं जनुक, हे २०१२ साली उलगडलं. त्याच्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं तरी अडवणूक ढिली पडते आणि पीक लवकर फुलतं.

मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती ब्राझीलची कथा. विषुववृत्ताजवळ दिवस कायम आखूड. तिथे उत्तरेकडची वाणं लावली की झाड वाढायच्या आतच फुलायचं, शेंगा जमिनीलगत लागायच्या आणि कापणी यंत्राचं पातं त्यांच्या वरून जायचं. पैदासकारांना आखूड दिवसांतही उशिरा फुलणारी झाडं मिळाली आणि त्यांच्या संकरातून सोयाबीन सेराडोच्या माळरानावर पोचलं. या गुणामागचं ‘जे’ जनुक २०१७ साली सापडलं. धडधाकट ‘जे’ हे ई१ला आवरतं. ते बिघडलं की ई१ मोकळं सुटतं, फुलोरा लांबतो आणि झाडाला वाढायला सवड मिळते. म्हणजे एका बिघडलेल्या जनुकाने एवढा मुलूख लागवडीखाली आणायला हातभार लावला!

आपल्याकडे लातूरला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा. पाऊस लांबून पेरणी जुलैअखेर गेली, की दिवस आखूड होत चाललेले असतात. झाड बुटकं राहतं, फांद्या कमी फुटतात, फुलं मात्र येतात. वाणाचा कालावधी सांगतात तो वेळेवर झालेल्या पेरणीचा. उशिरा पेरणाऱ्याला तो तसाच लागू पडत नाही, हे बियाणं विकतानाच सांगायला हवं.