कोडगूतली नारळाची नेमबाजी

■ मोसम : भातलावणी उरकली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या कोडगू भागात कोडव समाजाच्या घरांत 'कैलपोद' हा शस्त्रपूजेचा सण येतो.

■ पूजा : बंदुका, तलवारी आणि कोयते पुसून देवघरात मांडतात. बंदुकीवर कळलावीचं लाल-पिवळं फूल चढतं.

■ खेळ : पूजा-जेवण आटोपलं की सगळे गावच्या मैदानावर जमतात. उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधलेला असतो. खाली उभं राहून, पानांच्या हलत्या सावलीतून तो गोळीनं टिपायचा.

■ परवाना : १८६१ मध्ये इंग्रजांनी कोडवांना शस्त्रबंदीतून सूट दिली आणि ती स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली.

■ महत्त्व : १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं कोडवांची शिकार थांबली, पण नारळामुळे नेमबाजीची कला गावात जिवंत राहिली. ती जपायलाच हवी.